घोडबंदर रोडवरून थेट क्रूगर : स्वतः गाडी चालवून सिंह पाहिले, तो अनुभव

ठाण्यात राहून सिंह बघायचे तर बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली जाळीच्या खिडक्यांची बस, नाहीतर गीर. गीरला परमिट, जिप्सी, गाइड सगळं ठरलेलं असतं. आपण मागे बसायचं आणि ‘मॅडम, उधर देखो’ म्हटलं की मान वळवायची. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर नॅशनल पार्कात मात्र साधी भाड्याची कार घेऊन, गाइडशिवाय, आपलं आपण फिरता येतं, हे कळल्यापासून माझ्या डोक्यात तेच होतं. नवरा म्हणाला, “तू रोज घोडबंदरला गाडी काढतेस, तुला सिंहांचं काय!” सासूबाईंनी एवढंच विचारलं, “काचा नीट बंद होतात ना गं तिथल्या गाड्यांच्या?”

एका ट्रॅव्हल एजंटने ‘सेल्फ ड्राइव्ह नको, रिस्क आहे, पॅकेजच घ्या’ म्हणून बराच घोळ घातला. खरं तर तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं, रस्ते उत्तम. कागदपत्रं तेवढी वेळेत करायची. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटच्या अर्जाला पासपोर्ट लागतो. पूर्वी व्हिसाही लागायचा, 2021 पासून ती अट काढली आहे. अर्ज ‘सारथी’ पोर्टलवर, फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. आरटीओची एक चक्कर झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाडी घेताना डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं मागतात, तेवढं लक्षात ठेवा.

क्रूगर किती मोठं आहे याचा अंदाज इथे बसून येत नाही. सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या चौपटीहून जास्त. त्यात सिंह दीड हजाराच्या वर. हिशेब केला तर एवढ्या पसाऱ्यात ते आपल्यालाच दिसतील याची काहीच खात्री नाही. म्हणून आम्ही मुक्काम सटारा कॅम्पला ठेवला. तो भाग मोकळ्या गवताळ माळांचा, तिथे चरणारी जनावरं भरपूर आणि म्हणून सिंहही. महिना जूनचा. तिकडे तो हिवाळा, पाऊस नाही, गवत सुकून बसलेलं.

जूनमध्ये कॅम्पचं गेट सहाला उघडतं. आम्ही अंधारातच रांगेत लागलो. हिटर चालू, थर्मासमध्ये चहा, सासूबाई मागे शाल आणि दुर्बीण घेऊन. गेटबाहेर पडण्याआधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन यायचं, हे मी घरूनच बजावलं होतं. ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही गाडीतून उतरायला बंदी आहे. खिडकीतून अंग बाहेर काढणंही चालत नाही.

सटाराच्या जरा उत्तरेला एस-100 हा कच्चा रस्ता फुटतो, तो आम्ही धरला. मर्यादा ताशी 40 ची आहे, पण सिंह बघायचे तर 20 सुद्धा जास्तच. मला सगळ्यात जड गेलं ते हेच. माजिवड्याच्या सिग्नलला फट दिसली की घुसायची सवय असलेला पाय ॲक्सिलरेटरवरून उचलणं! डावी बाजू नवऱ्याची, उजवी सासूबाईंची, समोरचा रस्ता माझा, अशी वाटणी केली. प्राणी शोधायचा नाही, दुसरे प्राणी कुठे बघताहेत ते शोधायचं. इंपाला हरणांचा कळप चरणं थांबवून एकाच दिशेला कान लावून उभा असेल, तर आपणही थांबायचं.

आमच्या नशिबाने मात्र खबर माणसाकडूनच मिळाली. समोरून आलेल्या गाडीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काच खाली करून सांगितलं, सिंहिणी रस्त्यावरून तुमच्याकडेच येताहेत. तिथली ही पद्धत फार छान आहे, गाड्या एकमेकींना बातमी देत जातात. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, काचा वर.

वळणावरून त्या आल्या, एकीमागे एक. गवत दवाने भिजलेलं, म्हणून त्यांनाही रस्ताच बरा वाटत असावा. पुढची माझ्या दारापासून हातभरावरून गेली. डोळे मधाच्या रंगाचे, नाकावर जुन्या ओरखड्याची पांढरी रेघ, कानांची मागची बाजू काळी, पोटाला चिकटलेली कुसळं. खडीवरून चालतानाही पावलांचा आवाज नाही. तिने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. मागून एक आयाळवाला आला, रस्त्यातच बसला आणि जबडा फाडून जांभई दिली. “आपल्या मनीसारखाच आळस देतो की गं,” सासूबाई म्हणाल्या. तोवर मागे गाड्यांची रांग लागली होती, पण एकानेही हॉर्न दिला नाही. हे ट्रॅफिक मला रोज चाललं असतं.

मग सगळे झुडपाखाली जाऊन आडवे झाले. सिंह दिवसाचे वीसेक तास झोपूनच काढतात, त्यामुळे बऱ्याच गाड्या निघून गेल्या. आम्ही थांबलो. चहा संपला, नवऱ्याची चुळबुळ सुरू झाली, आणि तेवढ्यात त्या पठ्ठ्याने बसल्याबसल्या डरकाळी दिली. ती आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाते म्हणतात. आमच्या दाराची काच थरथरली.

हॅरी वोल्हुटर नावाच्या रेंजरला 1903 साली सिंहाने याच जंगलात खांद्याला धरून फरफटत नेलं होतं आणि त्याने कमरेच्या सुरीने तो सिंह मारला. ती सुरी आणि कातडं स्कुकुझा कॅम्पात ठेवलंय. हे मी सासूबाईंना परत कॅम्पात आल्यावरच सांगितलं.

जाणार असाल तर गाडी सेडानऐवजी जरा उंच घ्या, नाहीतर गवताआडचं निम्मं दिसत नाही. सटाराचं बुकिंग बरेच महिने आधी करा. भाग मलेरियाचा आहे, डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल, तर तिकीट काढण्याआधी यलो फीवरच्या लशीचा नियम बघून ठेवा. आणि हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचच्या आत कॅम्पात परतायचं असतं, तेव्हा दुपारनंतर घड्याळावर एकाचं तरी लक्ष हवं. आमच्याकडे ते काम सासूबाईंकडे होतं.