सावित्रीच्या दोन्ही टोकांची माणसं मुंबईत

सावित्री उगम पावते महाबळेश्वरात आणि घरात शिरते महाडात. वरचा तालुका सातारा जिल्ह्यात, पुणे विभागात. आम्ही खालचे रायगडात, कोकण विभागात. 22 जुलै 2021 च्या सकाळपासून चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिमी पाऊस झाला. महाड बुडालं, तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली. वर किती कोसळतोय हे त्या रात्री आम्हाला सांगणारं कुणीच नव्हतं.

वरच्या पावसाचा निरोप खाली यायला हवा, आणि दोन विभागांच्या वरचं पहिलं सामाईक दार मंत्रालयाचं. म्हणून खालचे चौघे आणि वरचे दोघे, असे सहा जण मुंबईला जाऊन आलो. वरच्या गावांची माणसं आम्हाला इतक्या निवांत भेटली ती एसटीतच, हेही सांगायला हवं.

रविवार आमच्या मुंबई मंडळाच्या खोलीत गेला. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, भिंतीला गावदेवीचा फोटो, खाली चटया. मंडळाच्या काकांनी वहीतली गावाकडच्या नंबरांची यादी काढली. मी म्हटलं, "काका, आत्ताच लावून बघूया." बावीस नंबर लावले, लागले नऊ. दोन माणसं तर वारलेली. खोलीत कुणी बोलेना. मग काका म्हणाले, "पुरात आम्ही इथे रात्रभर हेच नंबर फिरवत होतो रे." त्या रात्री वीज गेली होती, टॉवर बंद पडले होते. यादी तिथेच नव्याने लिहिली. प्रत्येक वाडीचे तीन नंबर, वेगवेगळ्या कंपन्यांचे, त्यात एक बाईमाणसाचा हवाच, कारण दिवसा घरात त्याच असतात. खाली फोन लागला नाही तर वरच्या गावाने मुंबईला कळवायचं आणि मंडळाने लागेल त्या नंबरावरून निरोप पोचवायचा, असं ठरलं.

सोमवारी सकाळी महापालिकेचा आपत्कालीन नियंत्रण कक्ष पाहिला. 1916 वर येणारे फोन इथेच घेतात. परवानगीचं पत्र महिनाभर आधी द्या. मोठे पडदे बघून दिपायला होतं, पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. शहरात जागोजागी पर्जन्यमापकं आहेत आणि त्यांचे आकडे एकाच ठिकाणी येतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला, तेव्हा दक्षिण मुंबईत त्याच्या पासंगालाही नव्हता. आपल्याकडे घाटमाथा आणि खोरं यांचं नेमकं तेच आहे. आम्ही दोन साधी पर्जन्यमापकं वरच्या दोन गावांत बसवतोय. तासात 50 मिमी ओलांडलं की खाली फोन.

दुपारी मंत्रालय. सर्वसामान्यांना प्रवेश साधारण दोननंतर मिळतो, आधार जवळ ठेवा. आमचं चुकलं ते इथे. नुसतं निवेदन घेऊन गेलो होतो. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "जिल्हाधिकाऱ्यांना दिलंय का?" 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच. तेव्हा आधी ग्रामसभेचा ठराव करा, तो अलिबाग आणि सातारा दोन्हीकडे द्या, पोच घ्या, मगच मुंबईचं तिकीट काढा. पोच नसेल तर चकरा वाढतात आणि मजुरी बुडते.

आणखी एक, आजपासूनच करण्यासारखं. हवामान खात्याचा इशारा बघताना रायगडावर थांबू नका. सातारा घाटमाथ्याचा रंगही बघा. आपल्याकडे ऊन असलं तरी तिकडे लाल असेल तर गोठ्यातली जनावरं सोडून उंचावर न्या. आंबेनळी घाट दरडीने बंद पडतो, वरून माणूस येऊ शकत नाही. निरोप मात्र येऊ शकतो.

मेच्या शेवटच्या रविवारी सकाळी सातला वरून पहिला चाचणी फोन येणार आहे. नदीकाठच्या ज्या वाड्यांना यादीत यायचंय त्यांनी आपले तीन नंबर काढून, लावून बघून ठेवा.