ठाणे ते वाशी: मेडिकलमधल्या सुट्या गोळ्यांचा हिशेब

चार सुट्या गोळ्यांचे दहा रुपये. पंधराच्या पट्टीवर एमआरपी 30, म्हणजे गोळी दोन रुपयांना आणि चार गोळ्या आठ रुपयांना. ठाणे पश्चिमेला स्टेशनबाहेर पडल्या पडल्या हा हिशेब बिघडतो. "सुट्या घेतल्या की एवढे पडतातच" हे दुकानदाराचं उत्तर साफ चूक. औषध किंमत नियंत्रण आदेश 2013, परिच्छेद 27 : पट्टीच्या प्रमाणात जेवढे पैसे होतात, त्यावर एक पैसा नाही. "सुटे नाहीत" म्हणून खोकल्याची गोळी हातावर ठेवली तर परत करा, यूपीआयने बरोबर आठ रुपये द्या.

कात्री लागण्याआधी अख्ख्या पट्टीचा फोटो काढा. बॅच नंबर आणि एक्स्पायरी बहुतेकदा एकाच टोकाला छापलेली असते. ते टोक दुकानात राहिलं की हातातल्या तुकड्यावर तारीखच नाही. बिलावर बॅच नंबर लिहून घ्या, नाहीतर तक्रारीला आधार राहत नाही.

ठाण्यातल्याच नौपाड्यात काही त्रास नाही. मग ट्रान्स-हार्बर लोकलने थेट वाशी.

वाशीत जुन्या मालाकडे लक्ष ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, म्हणजे 112 ची बाटली 105 ला. बाटलीवर जुना आकडा असला तरी पैसे नव्या दराने. कंपनीची सुधारित किंमत यादी दाखवायला सांगा.

ओआरएस मागितलं की गोड पेयाचा खोका पुढे येतो. घेऊ नका. खरं ओआरएस म्हणजे 20.5 ग्रॅमची पुडी, एक लिटर पाण्यासाठी : ग्लुकोज 13.5, मीठ 2.6, सोडियम सायट्रेट 2.9, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम. पेयांच्या नावात ओआरएस वापरायला एफएसएसएआयने (अन्न सुरक्षा प्राधिकरण) ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली, आणि ते योग्यच झालं. जुलाबाने गळालेल्या पोराला साखरपाणी पाजणं धोक्याचं आहे.

आपल्याकडे ओटीसी, म्हणजे चिठ्ठीशिवायच्या औषधांची वेगळी कायदेशीर यादी नाही. शेड्यूल एच, एच1 आणि एक्स या डॉक्टरची चिठ्ठी लागणाऱ्या औषधांच्या याद्या, त्यांच्याबाहेरचं ते चिठ्ठीशिवाय मिळतं. पट्टीवर आरएक्स (Rx) आणि लाल रेघ असेल तर चिठ्ठी हवीच. अँटिबायोटिक कोणी तशीच दिली तरी घेऊ नका.

तक्रार राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) : 1800-222-365. संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवर हुज्जत घालून फक्त दमायला होतं, मागची रांगही आपल्यावरच चिडते. सकाळी दुकान उघडताना जा.