अकाबाचं बुडालेलं ट्रायस्टार आणि दोन मिलिमीटरचा पत्रा

सोनेगावच्या धावपट्टीजवळ वर्षानुवर्षं उभं असलेलं ते जुनं बोईंग 720 ज्यांनी पाहिलंय, त्यांना अकाबाचं ट्रायस्टार ओळखीचं वाटेल. आपलं बोईंग 1991 मध्ये नागपुरात उतरलं आणि दोन दशकांहून जास्त काळ ऊन-पाऊस खात तिथंच राहिलं. जॉर्डनमध्ये अकाबाच्या विमानतळावर तीन इंजिनांचं एक लॉकहीड ट्रायस्टार असंच कित्येक वर्षं पडून होतं. पण तिथं समुद्र हाकेच्या अंतरावर होता. ऑगस्ट 2019 मध्ये ते डाइव्ह करणाऱ्यांसाठी तांबड्या समुद्रात बुडवलं आणि आता ते 15 ते 28 मीटर खोलीवर बसलंय.

माझा मार्ग नागपूर, दोहा, अम्मान आणि पुढे रस्त्याने अकाबा. अम्मान नि पेट्राबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय, म्हणून ते दिवस इथे गाळतो.

आधी पाण्याखाली राहण्यासाठी कमरेला बांधायच्या शिशाच्या वजनाचं बोलतो, कारण आपल्याकडचे लोक तिथेच चुकतात. नागपुरात डाइव्हिंगचा सराव होतो तो तलावाच्या गोड्या पाण्यात. अकाबाच्या आखाताचं पाणी मात्र कमालीचं खारट आहे, लिटरमागे सुमारे 41 ग्रॅम मीठ. तुमचं शरीर आणि सामान मिळून 90 लिटर पाणी बाजूला सारत असेल, तर तेवढ्यानेच पावणेतीन किलोच्या आसपास वजन जास्त लागतं. 5 मिलिमीटरच्या रबरी सूटसाठी लागतं ते वेगळं. त्यात 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारने भरलेल्या हवेचं वजनच जवळपास 3 किलो असतं आणि ते डाइव्हभर घटत जातं. म्हणून वजन तपासायचं ते शेवटी: सिलिंडरमध्ये 50 बार उरलेत, खोली 5 मीटर आहे, बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) रिकामी आहे आणि तरी तुम्ही स्थिर आहात, तर हिशेब बरोबर. उघड्या प्रवाळावर थोडी चूक खपून जाते. विमानात डोक्यावर छत आणि पोटाखाली गाळ, तिथे नाही.

जहाजाच्या सांगाड्यात डाइव्ह केलेल्यांना वाटतं, विमान म्हणजे तसंच काहीतरी. तसं नाही. जहाजाचं पोलाद बोटभर जाडीचं असतं, विमानाच्या धडाचा पत्रा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो म्हणून ते सरसकट गंजत नाही. पण पोलादी बोल्ट त्याला भिडला की खारट पाण्यात त्या दोघांची बॅटरीच तयार होते आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. अशा जोडांभोवती पांढरी भुकटी दिसते. चाकांचे पोलादी दांडे मात्र बराच काळ टिकून राहतात.

तरी विमानाचा पहिला शत्रू गंज नव्हे, लाट. पलाऊमध्ये दुसऱ्या महायुद्धातलं एक जपानी आयची ई13ए जलविमान सुमारे 14 मीटरवर आहे. शांत, आडोशाच्या पाण्यात ते इतकी दशकं ओळखू येईल असं राहिलंय. उलट अकाबातच 2017 मध्ये सुमारे 17 मीटरवर ठेवलेलं सी-130 हर्क्युलिस मार्च 2020 च्या वादळात मोडलं. पोकळ धड, रुंद पंख, पातळ पत्रा. लाटेच्या ओढीत हे सगळं शिडासारखं वागतं. हर्क्युलिसच्या तुकड्यांभोवती फिरताना फाटक्या पत्र्याच्या कडा नीट पाहा. जाड हातमोजेही कापतील इतक्या त्या धारदार आहेत.

बुडवण्याआधी किती काम असतं, हेही सांगायला हवं, नाहीतर लोकांना वाटतं की ढकललं नि झालं. इंधन, इंजिन तेल, हायड्रॉलिक द्रव सगळं उपसायचं. बॅटऱ्या, आग विझवायचे सिलिंडर, ऑक्सिजनच्या बाटल्या, भिंतीतलं काचलोकर, मोकळ्या वायरी काढायच्या. दारं काढायची किंवा पक्की उघडी बांधायची. पंखातल्या टाक्या उघडायला विसरलं तर आत अडकलेली हवा विमान एका बाजूला उचलते आणि ते तळाशी वाकडं बसतं. कृत्रिम प्रवाळाच्या नावाखाली कचरा टाकला की काय होतं, हे फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ दिसलंच आहे: 1970 च्या दशकात तिथे सुमारे 20 लाख टायर टाकले, बांधलेले पट्टे सुटले आणि ते टायर शेजारच्या जिवंत प्रवाळावर जाऊन आदळले.

आता ट्रायस्टारच्या आत. मधल्या सीट काढल्यामुळे जागा ऐसपैस आहे. खिडकीकडच्या रांगा, गॅली (विमानातलं स्वयंपाकघर), पुढची टॉयलेट दिसतात. दारातून निळा उजेड येतो आणि दोन दारांच्या मधल्या भागात अंधार साचतो. मी दाराशी पोचलो तेव्हा आमच्या पुढचा गट आत होता. आठ जण, एकाच वेळी, आणि सगळे कात्रीसारखे वरखाली पाय मारत. बाहेर वीस मीटर स्पष्ट दिसत होतं, आत मिनिटाभरात स्वतःचा हात दिसेना. गाळ खालून उठत होता आणि बुडबुडे छताला लागून वरून रंगाचे पापुद्रे झडत होते. त्यांचा गाइड पुढे फोटो काढत होता, मागे वळून पाहतही नव्हता. मी आत गेलो नाही. दोन विमानं आणि चार तास गाडी करून तिथवर आलो होतो, तरी गेलो नाही, आणि तुम्हीही जाऊ नका.

आत एका वेळी दोघं, फार तर तिघं. पाय बेडकासारखे मारायचे, फिन गुडघ्याच्या वर ठेवून. प्रत्येकाकडे टॉर्च आणि वायर कापायचं कटर, कारण छतातून एखादी वायर लोंबत असतेच. हवेचा हिशेब तिसऱ्या हिश्शाचा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. 28 मीटरवर दाब 3.8 बार. मिनिटाला 20 लिटर हवा लागणारा माणूस तिथे 76 लिटर ओढतो. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारला 2400 लिटर हवा, तिचा तिसरा हिस्सा 800, म्हणजे जायला जेमतेम साडेदहा मिनिटं, तीही दम शांत असेल तर. वर येताना सक्तीचे थांबे न घेता किती वेळ खाली राहता येतं, त्याच्या नेहमीच्या तक्त्यात 30 मीटरसाठी एकूण 20 मिनिटंच मिळतात. ओपन वॉटर कार्डची (डाइव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्राची) मर्यादा 18 मीटर असल्यामुळे अ‍ॅडव्हान्स्ड नसेल तर वरच्या भागावर समाधान मानावं. पहिलं कार्ड आपल्या तारकर्लीच्या संस्थेतही घेता येतं, त्यासाठी परदेश लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेलो तेव्हा विमान रिकामं होतं. टॉर्च पंखाच्या कडेवर धरला. गुळगुळीत रंगावर अजून फारसं काही नव्हतं. पण रिव्हेटच्या रांगांत, बिजागरीच्या फटीत आणि पत्रा जिथे चिरलाय तिथे बोटभर उंचीचे मऊ प्रवाळ धरलेले. टॉर्च नसता तर ते राखाडीच दिसले असते. उजेडात गुलाबी होते. पंखाखाली दोन सिंहमासे उलटे, पोट पत्र्याकडे करून. त्यांच्या काट्यांत विष असतं, म्हणून अशा सावलीत हात टेकायचा नाही.

आता रागाची दुसरी गोष्ट. तिथे एक पॅकेज सर्रास विकतात: सकाळी दोन डाइव्ह, दुपारी वादी रमचं वाळवंट, रात्री अम्मान. विकत घेऊ नका. डाइव्हनंतर 18 तास विमान नको, हे सगळ्यांना पाठ असतं, पण डोंगरही तेच करतो, हे कुणी सांगत नाही. वादी रम हजार मीटरच्या जवळपास आहे आणि अम्मानचा रस्ता रास अन-नकबला दीड हजार मीटरच्या आसपास चढतो. उंचीवर हवेचा दाब घटतो आणि डाइव्हमध्ये अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून 600 मीटरच्या वर गेलात की त्याच्या दृष्टीने ते उड्डाणच. वादी रम आधी करा, डाइव्ह नंतर, आणि शेवटचा अख्खा दिवस अकाबात कोरडा काढा.

त्या दिवशी सामान धुवा. रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजला (सिलिंडरला जोडायच्या भागाला) टोपण लावून मगच गोड्या पाण्यात बुडवा, आत पाणी गेलं तर सर्व्हिसिंग आलंच. नागपुरात परतल्यावर सूट आणि मास्क गच्चीवर वाळत घालू नका. आपल्या मे महिन्यात रबर एका हंगामात चिरतं. माझं सामान आतल्या खोलीत, पंख्याखाली, रुंद खांद्याच्या हँगरवर असतं.