टर्मिनलातून पोर्तुगीज: छापील कागदापर्यंत पोचलो

संगणकाच्या टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या टंकलेल्या आज्ञांच्या काळ्या पडद्यावर, मी पोर्तुगीज शिकतोय; मागच्या नोंदीपर्यंत माझी शब्दांची फाईल नुसती फुगत चालली होती. आता ती आटोक्यात आली आहे, आणि मुख्य म्हणजे तिच्यातले शब्द कागदावर भेटायला लागलेत. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. घरात जमिनीचे जुने पोर्तुगीज कागद आहेत. ते दर वेळी वकिलाकडे न नेता आपले आपण वाचता यावेत, एवढीच हौस. लिस्बनला जाऊन कॉफी मागवायची नाहीये. तयार ॲपमध्ये विमानतळ, सफरचंद आणि काळी मांजर शिकवतात. माझ्या कागदांत हद्द, वाटणी, वारस, फोर (जमिनीचा वार्षिक खंड) आणि नोटरी. म्हणून ठरवलं, शब्द बाहेरून आणायचेच नाहीत. जो मजकूर वाचायचाय त्यातूनच उपसायचे.

उपशाची सुरुवात छापील मजकुरापासून केली, कारण तो यंत्राला वाचता येतो. जुन्या सरकारी गॅझेटची स्कॅन केलेली पानं टेसरॅक्टला (चित्रातला मजकूर वाचणारा प्रोग्राम) पोर्तुगीज भाषेची फाईल जोडून दिली की बऱ्यापैकी मजकूर हाती येतो. मग टर्मिनलमधल्या छोट्या कमांड: ग्रेपने (मजकुरात शोधणारी) एका ओळीत एक शब्द, सॉर्टने क्रम, युनिकने सारख्या ओळींची मोजणी, पुन्हा उलटा सॉर्ट. सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द वर. हा उद्योग जुनाच आहे. 1986 साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथने शब्दमोजणीचा पानंच्या पानं प्रोग्राम लिहिला, आणि त्याच्या परीक्षणात डग मॅकिलरॉयने तेच काम युनिक्स या संगणकप्रणालीच्या सहा कमांड एकामागे एक जोडून करून दाखवलं. आमच्या छंदातल्या लोकांना हा किस्सा माहीत असतोच, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पण मॅकिलरॉयची ती साखळी पोर्तुगीजला जशीच्या तशी लावू नका. त्यातली अक्षरं बदलणारी कमांड टीआर, तिची ग्नू आवृत्ती (लिनक्सवर असते ती), बाइट ओळखते, अक्षर ओळखत नाही, आणि पोर्तुगीजची खास अक्षरं एकाहून जास्त बाइटांची असतात. शेपटीवाला सी किंवा टिल्डवाला ए आला की शब्दाचे तिथेच दोन तुकडे. यादीत वरच्या नंबरांवर निरर्थक शेपट्या दिसल्या तर समजा हेच झालंय. त्या जागी ग्रेपचा पर्ल पर्याय आणि युनिकोड अक्षरांचा वर्ग वापरा, मोठी अक्षरं लहान (लोअरकेस) करायचं काम सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडकडून करून घ्या. दुसरी मेख याहून चिवट आहे. टिल्डवाला ए युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा ए आणि त्यावर वेगळा टिल्ड. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, युनिकच्या लेखी दोन वेगळे शब्द. सगळा मजकूर आधी एनएफसी रूपात, म्हणजे एकच चिन्ह असलेल्या तऱ्हेत, आणायचा आणि मगच मोजायचा.

सर्वांत जास्त वेळ गेला तो स्पेलिंगवर, आणि खरं सांगायचं तर मजाही तिथेच आली. पोर्तुगालने 1911 साली शुद्धलेखन बदललं. त्याआधीच्या मजकुरात फार्मसी पीएचने, रंगभूमी टीएचने, दस्तऐवज मधल्या न उच्चारलेल्या पीसकट. हन्स्पेल या स्पेलिंग तपासणाऱ्या प्रोग्रामच्या आजच्या शब्दकोशाला असे शब्द दाखवले की तो ते चुकीचे ठरवतो, आणि मग टेसरॅक्टने केलेला कचरा कोणता आणि पणजोबांच्या काळातलं खरं स्पेलिंग कोणतं, हे कळेनासं होतं. यावर सेडची एक नियमफाईल केली आहे. पीएचचा एफ, टीएचचा टी, वायचा आय, दुहेरी एलचा एक एल. दुहेरी आर आणि दुहेरी एसला हात लावायचा नाही, ते आजही तसेच लिहितात. पीटीचा टी मात्र सरसकट करता येत नाही, कारण काही शब्दांतला पी आजही उच्चारतात. तिथे हाताने यादी केली. नियम लावून झाल्यावरही हन्स्पेलला जे ओळखता येत नाही, ते बहुतेक स्कॅनमधला कचरा किंवा गावांची नावं. गावांची नावं सापडली की मी थोडा वेळ तिथेच रेंगाळतो, त्याचा शब्दसंग्रहाशी काही संबंध नाही.

क्रियापदांचं दुखणं वेगळं. एका क्रियापदाची डझनावारी रूपं, आणि यादीत प्रत्येक रूप स्वतंत्र. हन्स्पेलला मूळ रूप विचारलं की बरीच एका छत्राखाली येतात. पण कायद्याच्या भाषेत भविष्यकाळी संकेतार्थ पावलोपावली येतो, 'असे झाल्यास', 'वारस नसल्यास' या अर्थाने. तिथे असणे आणि जाणे या दोन क्रियापदांचं रूप अगदी एकच आहे. ते यंत्रावर सोडलं नाही. अशा रूपांची उजळणीची कार्डं सुट्या शब्दाची करायची नाहीत, ग्रेपने मूळ मजकुरातलं अख्खं वाक्य उचलायचं आणि त्या शब्दाच्या जागी रिकामी जागा ठेवायची. नामं लिहिताना लिंगदर्शक उपपद सोबत, ते नंतर लावू म्हटलं की राहतंच.

उजळणीचं गणित एसएम-2 वर चालतं, म्हणजे कुठला शब्द पुन्हा किती दिवसांनी विचारायचा ते ठरवणाऱ्या सूत्रावर. 1987 सालचं आहे, तरी मला पुरतं. पहिल्यांदा बरोबर आलं की एका दिवसाने, मग सहा दिवसांनी, पुढे आधीचं अंतर गुणिले सुलभतेचा अंक. हा अंक अडीचपासून सुरू होतो आणि 1.3 च्या खाली जात नाही. स्वतःला शून्य ते पाच गुण द्यायचे. चार दिले तर अंक तसाच, पाचला 0.1 ने वर, तीनला 0.14 ने खाली. तीनपेक्षा कमी म्हणजे शब्द पुन्हा पहिल्या दिवसावर. हे सगळं ऑक या रकान्यांचा मजकूर हाताळणाऱ्या छोट्या भाषेच्या मोजक्या ओळींत बसतं, आणि माहिती टॅबने तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाईलीत. फाईल गिटमध्ये (फाईलींतले बदल जपणारा प्रोग्राम), म्हणजे लॅपटॉपवरची तीच फोनवर. डेबियन लिनक्स वापरणाऱ्यांनी ऑकच्या मॉक या आवृत्तीच्या जागी गॉक ही आवृत्ती बसवावी, नाहीतर पोर्तुगीज अक्षरांची लांबी चुकते आणि रकाने वाकडे दिसतात. ॲन्की हे उजळणीचं तयार ॲप का नाही, असं विचाराल तर ॲन्की उत्तमच आहे, आणि ही फाईल त्यात थेट आयातही होते. मला फक्त पावसात लाईट गेली, नेट गेलं, तरी बॅटरीवर चालेल असं काहीतरी हवं होतं.

पणजी-मडगाव बसमध्ये टर्मक्सवर (फोनवरचं टर्मिनल) उजळणी करतो. फोनवर अक्षर दाबून धरलं की टिल्ड मिळतो, लॅपटॉपवर कम्पोज कळ (दोन चिन्हं जोडून एक अक्षर करणारी), टिल्ड, ए. शेजारी बसलेला माणूस काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं बघून जरा सरकून बसतो, हा वरचा फायदा.

उच्चारांसाठी ईस्पीक (मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम) लावलंय, आवाज पोर्तुगालचा, ब्राझीलचा नव्हे. यंत्राचा सूर रुक्ष आहे, पण आघात नसलेले स्वर कसे गिळायचे ते कळतं. शेजारचे आजोबा 1961 च्या आधी पोर्तुगीज शाळेत गेलेले. त्यांना ईस्पीक ऐकवलं तर म्हणाले, "हा कोण रे, सर्दी झालीय काय त्याला?" आणि तेच वाक्य स्वतः म्हणून दाखवलं. ते रेकॉर्ड करून घेतलं. आता काही कार्डांना त्यांचा आवाज आहे, आणि ती कार्डं लवकर पाठ होतात. आजोबांना मात्र अजून वाटतं की मी नोकरीसाठी परीक्षा देतोय.

सध्याची स्थिती अशी. गॅझेटातली छापील नोटीस आता अडखळत का होईना, वाचून होते. कोणाची जमीन, कुठली हद्द, कोणी हरकत घ्यायची आणि किती मुदतीत, एवढं नक्की कळतं. आधीच ओळखीचे शब्द यादीतून वगळण्यासाठी ठेवलेली फाईल आता नव्या शब्दांच्या फाईलीपेक्षा मोठी झालीय. चावी, साबण, बटाटा, अननस वगैरे पोर्तुगीजमधूनच मराठीत आलेली मंडळी त्यात पहिल्या दिवशीच फुकट गेली होती.

हस्तलिखितांपुढे टेसरॅक्ट हात टेकतो. घरचे निम्मे कागद हाताने लिहिलेले आहेत आणि लिहिणाऱ्या कारकुनांना पूर्ण शब्द लिहायचा कंटाळा. शेवटचा अर्धा शब्द वर बारीक अक्षरांत चढवून मोकळे होतात. त्या संक्षेपांची वेगळी फाईल आता सुरू केली आहे: डाव्या रकान्यात कागदावर दिसतं ते, उजव्या रकान्यात पूर्ण शब्द, तिसऱ्यात कुठल्या कागदावर दिसलं तो क्रमांक. कोणाकडे अशी यादी तयार असेल तर कळवा. तोवर एकेक कागद हाताने टंकतोय, आणि टंकून झालेलं पान पुन्हा त्याच साखळीतून जातंय.