वाळत घातलेलं दुपटं

श्रावणात पुण्यात कपडा दुपारपर्यंत वाळत नाही, हे आपल्याला माहीत असतं. भाचीच्या दोन वर्षांच्या लेकाला ते माहीत असायचं कारण नव्हतं. आईनं त्याचं दुपटं धुऊन गॅलरीतल्या दोरीवर टाकलं तेव्हापासून तो खालीच उभा. लोंबणारं ओलं टोक एका मुठीत, दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडात. मधूनच ते टोक तो वरच्या ओठावर, नाकाच्या अगदी खाली घासून बघायचा आणि कपाळाला आठी घालायचा. साबणाचा वास येत होता.

"मावशी, तू ते पाहिलं असतंस ना, तर चिमट्यानं उचललं असतंस," भाची म्हणाली. वरणभात, लाळ, बागेतली माती, सगळं होतं म्हणे त्यावर. असणारच. तिनं हुशारी करून लक्ष्मी रोडवरून अगदी तसंच दुसरं दुपटं आणून ठेवलं होतं, पिवळं, त्याच बदकांचं. ते पुढे केलं. पठ्ठ्यानं चाचपलं, हुंगलं आणि फरशीवर सांडलेल्या पाण्यावर टाकून दिलं.

ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी हेच प्रयोग करून पाहिलं होतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी एक यंत्र दाखवलं. वस्तू आत ठेवली की हुबेहूब तशीच दुसरी तयार होते, असं भासवणारं. साध्या खेळण्याची नक्कल मुलांना चालत होती. रोज कुशीत घेऊन झोपायच्या वस्तूची गोष्ट आली की बहुतेकांना आपली जुनीच परत हवी, आणि काहींनी तर ती यंत्रात ठेवूच दिली नाही. हे २००८ साली छापून आलं. लंडनचे बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट तर १९५३ साली छापलेल्या निबंधातच सांगून गेले होते की आई अशी वस्तू मळू देते, घाण वास येऊ देते, कारण धुतली की मुलाच्या अनुभवाचा धागाच तुटतो. हे वाक्य मी भाचीला वाचून दाखवलं. "त्यांच्याकडे श्रावणातला सत्यनारायण असतो का?" असं तिनं विचारलं.

माझ्या धाकट्या भावाची एक चिंधी होती. आजीच्या विरलेल्या नऊवारीचा काठ, वीतभर. काठाला पदरासारखा रंग उरला नव्हता, पण दोन बोटांत धरून चोळला की त्यातली जाड वीण लागायची. तो ती चोळत झोपायचा. आईला तिचा मनापासून राग.

आमच्याकडे बोहारीण यायची ती नेमकी दुपारी, जेवणं उरकून आईचा डोळा लागायच्या वेळी. डोक्यावरची पाटी पायरीवर उतरवायची, भांडी खणखणत मांडायची. आईला झाकणाचा डबा हवा असायचा आणि ती पातेल्यावर अडायची. एकेक कपडा उजेडात धरून, शिवणीला ताणून बघायची. सुती दिसलं की नाक मुरडणार, टेरिकॉटच्या पँटला मात्र हात लावून समाधानानं मान हलवणार. एकदा आईनं फाटक्या चादरीच्या घडीत ती चिंधी गुंडाळून दिली. बोहारणीनं चादर झटकली. चिंधी पडली. तिनं उचलली, हुंगली आणि आईकडे असं काही बघितलं की आई दाराची कडी न्याहाळायला लागली.

"लेकराचं हाय हे. हे कशापायी घातलं?"

भाऊ दाराआड होताच. चिंधी तिनं त्याच्या खांद्यावर टाकली आणि मग, व्यवहार तो व्यवहार, डब्यासाठी अजून एक पँट मागितली. आईनं मुकाट्यानं आणून दिली. बाबांची ती चांगली पँट होती, पण त्या दिवशी घासाघीस करायची आईची ताकद नव्हती.

ती चिंधी पुढे कुठे गेली कोणाला ठाऊक नाही. भावाला विचारलं तर "होती खरी एक" म्हणतो आणि पुन्हा पेपर वाचायला लागतो. विनिकॉट हेही म्हणतात की अशी वस्तू मूल विसरत नाही आणि तिच्यासाठी रडतही नाही, तिचा अर्थच हळूहळू झिजतो. भावाचं तसंच झालं. मला मात्र अजून मे महिन्यातसुद्धा पायांवर पांघरूण लागतं आणि त्याचा काठ हाताशी नसेल तर झोप येत नाही. आमचे हे त्याला व्यसन म्हणतात. त्यांची स्वतःची उशी प्रवासात वेगळ्या पिशवीतून येते, तो विषय वेगळा.

पण हळूहळू झिजायला वेळ मिळावा लागतो. आत्याला तो मिळाला नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती चार वर्षांची होती आणि घर नारायण पेठेत. पाणी येतंय अशी आरोळी उठली, तशी सगळी नेसत्या वस्त्रानिशी पर्वतीकडे पळाली. बाबा तेव्हा शाळकरी. निघताना त्यांनी हाताला लागलं ते उचललं, आणि हाताला लागला तो पितळी तांब्या. शेजारच्या खुंटीवर आत्याची गोधडी होती.

वाडा गेला, सामान गेलं, दोन वर्षं दुसऱ्यांच्या घरी काढली, यातलं आत्या काही काढत नाही. "दादानं तांब्या घेतला," एवढंच म्हणते. बाबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तांब्या माझ्याकडे आहे. एकदा तिला देऊ केला, तर घेतला नाही.