'नवऱ्या'वरचा रफार: पहिली कादंबरी छापून घेताना

माझी कादंबरी हिरडस मावळातल्या एका सुनेची. लग्न होऊन ती भोरच्या डोंगरातल्या वाडीत येते, राब भाजते, चिखलणी करते, हिरडा गोळा करत रान हिंडते आणि त्यातच तिला स्वतःची ओळख पटत जाते. लिहायला वर्षं लागली, त्याचा कधी त्रास झाला नाही. त्रास झाला तो अक्षरजुळणीचा. आजही आठवलं की डोकं तापतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सहज मिळाला. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही तो सरकारी पोर्टलवर फुकट मिळतो. त्याचे पैसे कुणाला देऊ नका.

संहिता मी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप करून दिली होती. छापखान्याने पानं लावायला ती त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये फिरवली. प्रूफ उघडलं तर 'नवऱ्याने'चं 'नवर्याने' झालेलं, रफार थेट 'या'च्या डोक्यावर. कादंबरीत नवरा आहे, शेतकरी आहेत, झरे आहेत, वारा आहे, म्हणजे पानोपानी हीच मोडतोड. लग्नाच्या प्रकरणात 'वऱ्हाड'सुद्धा सुटलं नव्हतं. मी दाखवलं तर उत्तर आलं, "ताई, वाचणाऱ्याला कळतं की." नाही कळत! सह्याद्रीच्या दऱ्या वेगळ्या आणि समुद्राचा दर्या वेगळा.

मग त्यांनी एका फटक्यात सगळीकडे 'र्य'च्या जागी 'ऱ्य' करून टाकलं. पुढच्या प्रूफात 'सूऱ्य' उगवला, 'धैऱ्य' आलं, 'मऱ्यादा' आली. निसर्गाची कादंबरी, तिच्यात सूर्य किती वेळा येतो विचारू नका. पुन्हा लाल पेन घेऊन पहिल्या पानापासून बसले. त्यात लग्नसराई सुरू झाली. मशीनवर पत्रिका चढल्या आणि माझ्या पुस्तकाला रोज 'उद्या'. तिथे बाकड्यावर बसून दुसऱ्यांच्या पत्रिकांचे गठ्ठे बाहेर जाताना पाहणं फार जिवावर यायचं.

शेवटी काम तिथून काढून घेतलं. दुसरीकडे एका मुलीने तीच फाइल इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडमध्येच लावली. परिच्छेदाला त्यातली 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' ही सेटिंग निवडली आणि जोडाक्षरं जागच्या जागी आली. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फॉन्ट मोफत मिळतो, तोही एकदा लावून बघा. त्या प्रूफात 'झऱ्याकाठी' नीट छापलेलं दिसलं तेव्हा मला रडू आलं, आणि मी भांडले याचा अभिमानही वाटला.

म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी एक ओळ लावून मागा: 'सूर्य, दऱ्या, दर्या, वऱ्हाड, कार्य, नवऱ्या.' ही सहा नीट आली तरच पुढचं बोला. एक फॉर्मा, म्हणजे सोळा पानं, हातात आल्याशिवाय सगळं पुस्तक लावू देऊ नका. प्रूफ मोबाइलवर तपासू नका, कागदावर काढा. अर्धचंद्रासारखा तो 'ऱ' पडद्यावर नजरेतून निसटतो. लग्नसराईत छापखाना गाठू नका, हेही तेवढंच महत्त्वाचं.

आणि हो, आधी सांगायचं राहिलं. प्रकाशन झाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवावी लागते, 1954चा कायदा आहे. मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांनाही एकेक. प्रती मोजताना या चार बाजूला ठेवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.