बंदुकीच्या नळीतले दोन मिलिमीटर

गेली अकरा वर्षे मी बर्मिंगहॅममध्ये राहतो आणि त्यांतली नऊ वर्षे जुन्या लष्करी बंदुकांच्या लिलावांना नियमाने जातो. ज्या शहराच्या एका भागाला आजही ‘गन क्वार्टर’ म्हणतात आणि जिथे १८१३ साली कायद्याने स्थापन झालेले बंदुकांच्या नळ्या तपासण्याचे प्रूफ हाउस अजून उभे आहे, तिथे हा नाद लागणे फारसे आश्चर्याचे नाही. माझ्या बाबतीत मात्र त्याची मुळे खडकीत आहेत. माझे वडील तिथल्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. हा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला, म्हणजे तो स्नायडर या मागून काडतूस भरायच्या ब्रिटिश लष्करी बंदुकीच्या काळातला आहे. धातूचा तुकडा हातात घेऊन त्यावर कोणत्या हत्याराने काम झाले असेल हे ओळखण्याची सवय मला बाबांनी लावली, आणि लिलावात तीच सवय सर्वांत जास्त उपयोगी पडते.

यंदाच्या वसंतात मी घेतलेल्या एका बंदुकीविषयी सविस्तर लिहायचे आहे. लिलावाच्या यादीतील नोंद अशी होती: १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल, ठासणीची (दारू-गोळी तोंडाकडून भरायची), टोपीवर (घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या धातूच्या छोट्या टोपणावर) चालणारी, नळीतील चर (आत कोरलेल्या सर्पिल खाचा) पूर्ण झिजलेले, नेम धरण्याची मागची सरकती पट्टी नाही, दस्त्यावर डाग आणि ठोकरा. अंदाजित किंमत १५० ते २५० पौंड. याच नमुन्याची, चर शाबूत असलेली आणि सर्व भाग मूळचे असलेली रायफल याच्या कित्येक पटींनी महाग जाते, म्हणून ही बंदूक सदोष माल म्हणून यादीच्या शेवटच्या पानांवर गेली होती. छायाचित्रे पाहून मला वेगळाच संशय आला आणि लिलावाच्या आदल्या दिवशी, माल पाहण्यासाठी ठेवतात तेव्हा, मी दोन तासांचा प्रवास करून तिथे गेलो.

माल प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय बोली लावायची नाही, हा नियम मी एका नुकसानीतून शिकलो. सात वर्षांपूर्वी घरबसल्या, केवळ छायाचित्रांवरून, मी एक स्नायडर घेतली होती. अहवालात ‘उत्तम स्थिती’ असे लिहिले होते आणि लाकूड खरोखर आरशासारखे चमकत होते; पण पेटी उघडून बोट फिरवले तेव्हा दस्त्याचे लाकूड त्यावर बसवलेल्या पितळी पट्टीपेक्षा खाली गेलेले लागले. कोणीतरी पॉलिश पेपरने लाकूड घासून काढले होते, आणि त्याबरोबर भांडाराचा गोल शिक्का, दुरुस्तीच्या तारखा, तपासनिसाची खूण असे सगळे गेले होते. माल आहे त्या स्थितीत विकला जातो, ही अट लिलावगृहाने छापलेली असते. त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. ती स्नायडर मी अजून विकलेली नाही, पण तिच्याकडे पाहिले की वाईट वाटते, कारण ती कोणाच्या हातात होती हे आता कोणालाही कळणार नाही. घरात आजोबांची जुनी बंदूक किंवा तलवार असलेल्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की ती घासू नका. मऊ कापड आणि थोडे तेल एवढे पुरते.

नोंदीतील बंदूक हातात घेतली तेव्हा सर्वांत आधी मी लाकडी काठी नळीत तळापर्यंत सोडली, तोंडाशी पेन्सिलने खूण केली आणि तीच काठी नळीच्या बाहेरून धरून पाहिली. काठीचे टोक टोपी बसवण्याच्या जागेपर्यंत पोहोचायला हवे. दोन-तीन इंच आधीच थांबले, तर आत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची दारू आणि गोळी ठासलेली असू शकते. ठासणीच्या बंदुका अशा भरलेल्या अवस्थेत आजही सापडतात, म्हणून ही तपासणी झाल्याशिवाय तिच्या तोंडासमोर डोके नेऊ नये. ही रिकामी होती. मग दोऱ्याला बांधलेला छोटा दिवा आत सोडला. झिजलेल्या चरांची नळी कशी दिसते हे मला माहीत आहे: गज पुन्हा पुन्हा घासून तोंडाशी चर पुसट होतात, तळाशी दारूच्या क्षाराने खड्डे पडतात, आणि मधल्या भागात कुठेतरी चराची कड हमखास शिल्लक राहते. इथे तसे काही नव्हते. नळी वरपासून दिसेल तिथपर्यंत एकसारखी गुळगुळीत होती.

खिशातील व्हर्नियर कॅलिपरने तोंडाचा व्यास मोजला. १८५३ च्या एनफील्डची नळी ०.५७७ इंचाची, म्हणजे सुमारे १४.७ मिलिमीटरची. इथे माप १६.७ च्या आसपास आले. पूर्ण दोन मिलिमीटरचा फरक होता, आणि वापराने नळी एवढी, आणि तीही अशी गोल, झिजत नाही. मागच्या पट्टीची गोष्टही तशीच होती. ती पडलेली नव्हती. तिच्या जागी एक खाच असलेला साधा लोखंडी ठोकळा पहिल्यापासूनच बसवलेला होता.

ही मोडलेली रायफल नव्हती. १८५७ नंतर हिंदी शिपायांसाठी मुद्दाम बनवलेली ही चररहित बंदूक होती.

तिचा इतिहास थोडा मागे जाऊन सांगावा लागेल. रायफलिंग म्हणजे नळीच्या आत कोरलेले सर्पिल चर. ठासताना सैल जाणारी एनफील्डची गोळी बार उडताच मागून फुगे, चरांत घट्ट बसे आणि गिरक्या घेत सरळ जाई. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नसे, तर एनफील्डच्या मागच्या पट्टीवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. १८५७ च्या आरंभी डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे शिपायांना या रायफलीचे शिक्षण देण्यास सुरुवात झाली, आणि दातांनी तोडायच्या काडतुसाला लावलेल्या चरबीवरून जे घडले ते आपण शाळेत वाचलेले आहे. शाळेत न सांगितलेला भाग असा की, उठावात उतरलेल्या बहुतेक शिपायांच्या हाती एनफील्ड नव्हतीच. त्यांच्या हाती जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या, आणि समोरच्या गोऱ्या पलटणींकडे एनफील्ड होत्या. हा फरक राज्यकर्त्यांच्या नीट लक्षात राहिला. उठाव शमल्यावर त्यांनी हिंदी पलटणींसाठी जी बंदूक ठरवली, ती बाहेरून हुबेहूब एनफील्ड होती: तेच लॉक (बार उडवणारी यंत्रणा), तोच घोडा, तसाच दस्ता, तीच संगीन. नळी मात्र ०.६५६ इंचांपर्यंत मोठी केलेली, चर नाहीत, आणि दूरचा नेम धरण्याची पट्टीही नाही. १८५८ च्या पहिल्या नमुन्यात नळीची भिंत इतकी पातळ झाली की ती पोचे येऊन निकामी होऊ लागली, म्हणून १८५९ च्या नमुन्यात नळी बाहेरून जाड केली गेली. माझ्या हातातली नळी जाड होती आणि लॉकच्या पट्टीवर मुकुटाखाली ‘टॉवर’ हा शब्द आणि १८६२ हे साल होते.

एखाद्या सरकारने आपल्याच सैनिकांचा नेम शंभर यार्डांवर आणून ठेवावा, हा निर्णय कागदोपत्री वाचणे वेगळे आणि त्या गुळगुळीत नळीत दिवा सोडून पाहणे वेगळे. पुढेही हिंदी पलटणी शस्त्रांच्या बाबतीत एक पिढी मागेच ठेवल्या गेल्या. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाल्यावर यांना स्नायडर, आणि गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाल्यावर यांना मार्टिनी. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे जी ब्रिगेड पराभूत झाली, तिच्यात गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या, तर आपल्या मुंबई इलाख्याच्या पहिल्या ग्रेनेडियर आणि तिसाव्या जेकब्ज रायफल्स या पलटणींकडे स्नायडर. त्या दिवशी मुंबईच्या पलटणी का कोलमडल्या याची चर्चा होते, तेव्हा ही गोष्टही सांगितली गेली पाहिजे असे मला ठामपणे वाटते.

त्याच टेबलावर दोन नोंदी पलीकडे एक मार्टिनी ठेवली होती. तिच्यावर व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे आणि मुकुट होता, आणि खाली साल १९०४. राणी जानेवारी १९०१ मध्येच वारली. शिवाय ‘एनफील्ड’ या सरकारी कारखान्याच्या इंग्रजी नावातला एन उलटा ठोकलेला होता. खैबरच्या परिसरातील कारागीर साध्या हत्यारांनी अशा नकला घडवत. अक्षर वाचता न येणाऱ्या माणसाने ते चित्रासारखे उतरवले की असे होते. कारागिरी म्हणून ती कौतुकास्पद आहे, पण तिची किंमत ब्रिटिश बनावटीच्या रायफलीची धरू नये. याउलट नेपाळच्या शस्त्रागारातून आलेल्या बंदुका पाहताना आपल्याला एक फायदा आहे. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातील हजारो जुनी शस्त्रे अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतली आणि तेव्हापासून ती लिलावांत सतत दिसतात. त्यांच्यावरील खुणांना यादीत ‘स्थानिक लिपीतील मजकूर’ एवढेच म्हटलेले असते. त्या खुणा देवनागरीत असतात आणि मराठी माणसाला त्यांतले अंक सरळ वाचता येतात.

खरेदीच्या व्यवहाराविषयी थोडक्यात सांगतो. हातोडा पडतो ती किंमत म्हणजे तुमचा खर्च नव्हे. तिच्यावर लिलावगृहाचे कमिशन, त्या कमिशनावर २० टक्के कर, आणि एखाद्या संकेतस्थळावरून बोली लावली तर त्याचे आणखी काही टक्के असतात. म्हणून मी आधी एकूण खर्चाची मर्यादा ठरवतो, तिच्यावरून उलटा हिशेब करून बोलीचा आकडा काढतो आणि तो यादीच्या समासात लिहून ठेवतो. या बंदुकीसाठी आकडा होता ३४० पौंड. बोली १२० वर सुरू झाली, दोनशेपर्यंत दहा-दहाने आणि पुढे वीस-वीसने चढली. सभागृहात माझ्याशिवाय आणखी एक गृहस्थ होते. त्यांनीही आदल्या दिवशी नळीत दिवा सोडलेला मी पाहिला होता, त्यामुळे मला भीती होती. ते ३०० वर थांबले. ३२० ला हातोडा माझ्या नावावर पडला. २५ टक्के कमिशनाचे ८० आणि त्यावरील कराचे १६ धरून ४१६ पौंड मोजले.

इंग्लंडमध्ये अशी ठासणीची पुरातन बंदूक केवळ संग्रहासाठी ठेवायची असेल, तर परवाना लागत नाही. १९६८ च्या कायद्यातील ही सवलत २०२१ च्या नियमांनी अधिक स्पष्ट झाली: शस्त्र १ सप्टेंबर १९३९ पूर्वीचे हवे, आणि ते एक तर अशा जुन्या पद्धतीने पेटणारे हवे किंवा सरकारी यादीतील कालबाह्य काडतुसाचे हवे. स्नायडर आणि मार्टिनी-हेन्रीची काडतुसे त्या यादीत आहेत. बार उडवण्याचा विचार केला, तर मात्र परवाना लागतो. भारतातील मित्र विचारतात की ही इकडे आणता येईल का. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील पंचेचाळिसावे कलम जुन्या शस्त्राला सूट देते, पण ते दुरुस्तीनेही चालू होणार नसेल तरच. माझी बंदूक उद्याही चालू शकेल, आणि सूट मिळवण्यासाठी तिच्या नळीला भोक पाडणे मला मान्य नाही. उलट दिशेने, शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारतातून बाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे, हेही लक्षात ठेवावे.

घरी आणल्यावर मी तिला फक्त मेण लावले. दस्त्याच्या मागच्या पितळी पट्टीवर ४१७ हा आकडा आहे. पलटणीचा क्रमांक हाताच्या घर्षणाने पुसला गेला आहे आणि तो कोणता असावा याचा अंदाज बांधण्याचा मोह मी टाळतो आहे. दस्त्याच्या डाव्या बाजूला, गाल टेकतो तिथे, लाकूड काळसर आणि किंचित खोलगट झाले आहे. यादीत ज्याला ‘डाग’ म्हटले होते तो हाच.

रविवारी बाबांना फोनवर सगळे सांगितले. त्यांना १८५७ पेक्षा मापात जास्त रस होता.

“तोंडाशी सोळा-सात. आत किती?”

मी म्हणालो, “बाबा, तुम्ही विचारणार हे माहीत होते. लेथवर साडेसोळाचा पितळी गोळा तासला आणि काठीला लावून खाली सोडला.”

“कुठे अडकला?”

“कुठेच नाही. थेट तळापर्यंत गेला.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे बोअरिंग केलंय. ते झिजलेलं नाही रे, कोणीतरी बसून केलेलं काम आहे.”